अंगठा कुणाचा

"आण्णा, तिकडं पळा! दोन नंबरची वर आली!"

मी एक नंबरच्या काहिलीजवळ उकिडवा बसून पाण्यात हात बुडवत होतो. हाक ऐकली, तसाच उठलो आणि पळालो. वाटेत कुणीतरी मळीची बादली उपडी केली होती. तिच्यावर माझा पाय पडला आणि मी आडवा झालो. पटका एकीकडं, मी एकीकडं. मळी म्हणजे उकळत्या रसावरचा घाण फेस. त्यात मी कोपरापासून कानापर्यंत माखलो.

गुऱ्हाळावरचे सगळे गडी हसायला लागले. कुणी तोंड फिरवून हसलं, कुणी उघड. त्यात एक हसू बाईचं होतं, आणि ते मला अंधारातसुद्धा ओळखू आलं असतं. माझी बायको हौसा न्याहारीची बुट्टी डोक्यावर घेऊन बांधावर उभी होती.

"अवो, गुळव्याला पाकात पडायचं असतंय," ती म्हणाली, "मळीत न्हवं."

ही गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची. तेव्हा आमच्या गावात गूळ म्हणजे केरबा चौगुल्याचा गूळ, असं होतं. केरबा म्हणजे मी. उसाचा रस मोठ्या काहिलीत आटत असतो, तो नेमका कुठल्या क्षणी विस्तवावरून उतरवायचा हे जो सांगतो तो गुळव्या. थोडं आधी उतरवलं तर गूळ बसत नाही, थोडं उशिरा उतरवलं तर काळा पडतो. मी गार पाण्यात हात बुडवायचो, तो तसाच काहिलीत घालून चिमूटभर पाक काढायचो, पाण्यात त्याची गोळी वळायचो आणि ओरडायचो, "उतरा!" मग चार गडी बांबू लावून काहील ओढायचे आणि पाक वाफ्यात, म्हणजे निवायला केलेल्या पसरट हौदात, ओतायचे. हे काम मी सर्वांकडं पाठ करून करायचो. माझ्या गुरूंनीही पाठ करूनच केलं होतं. मी त्यांच्या काखेतून बघून शिकलो, आणि माझ्या काखेतून कुणी बघू नये म्हणून मी हात अंगाला चिकटवून धरायचो.

आणखी एक गोष्ट होती. ढेप साच्यातून काढली, की ती कोमट असतानाच मी तिच्या माथ्यावर उजवा अंगठा दाबायचो. कोल्हापूरच्या बाजारात व्यापारी आधी तो खळगा बघायचे आणि मगच भाव बोलायचे. चौथी शिकलेल्या माणसाची ती सही होती.

त्या वर्षी सोसायटीनं नदीकाठाला एका ओळीत तीन गुऱ्हाळं उभी केली. चेअरमन आबासो खोत मला म्हणाले होते, "केरबा, तिन्हीवर तूच मुख्य." मला वाटलं होतं, आपण मोठे झालो. पहिल्या चार दिवसांत एवढंच कळलं, की आपल्याला दोनच पाय आहेत. तिन्ही चुलवाणं पहाटे एकदमच पेटायची, त्यामुळं तिन्ही काहिली एकदमच तयार व्हायच्या. मी एकीची गोळी वळेपर्यंत दुसरी कुठली तरी करपायची, तिला शिव्या देईपर्यंत तिसरी वर यायची. चार दिवसांत पाच आधणं बिघडली. एक काहील रस आटवून गूळ होईपर्यंतच्या कामाला आम्ही आधण म्हणतो. पाच आधणं म्हणजे पाच घरांचा ऊस. त्यांच्या बायका मला रस्त्यात भेटल्या की पदर ओढून तोंड फिरवायच्या.

मळी पुसत उठलो तर आबासो समोरच उभे होते. ते हसत नव्हते.

"केरबा, आज शुक्रवार. उद्या बाजारला गाडी जायची हाय. आजचा माल बिघडला तर मी दोन चुली विझवणार. न्हाईतर कागलकडनं दोन गुळवे आणणार. गावाचा ऊस मी वाळवत ठेवू शकत न्हाई."

"आबा, परका गुळव्या आपल्या गावात?"

"मग काय करू? तुझी तीन तुकडं करू?"

"दोन नंबर बिघडली का?" मी विचारलं.

"न्हाई," दोन नंबरचा गुंडा मगदूम म्हणाला. "मी जाळ ओढलाय. आता बसलीया खाली. पर पुन्हा चढंल."

गुंडा म्हणजे माझा जळव्या. पंधरा वर्षं माझ्या काहिलीखाली वाळलेली चिपाडं घालून जाळ सांभाळत होता. बोलायचा कमी, खोकायचा जास्त.

हौसानं बुट्टी खाली ठेवली. माझा पटका उचलला, झटकला आणि म्हणाली, "हात हिकडं करा."

मला वाटलं, मळी पुसते आहे. मी हात पुढं केले.

"फुडं न्हवं, मागं."

मी मागं केले. तिनं पटक्यानं माझी दोन्ही मनगटं पाठीमागं बांधली. सगळ्यांच्या देखत.

"हौसे, ह्यो काय चावटपणा?"

"एक आधण," ती म्हणाली. "एकच. आज तुमी कुटल्याच काहिलीला हात लावायचा न्हाई. मधल्या चौथऱ्यावर बसायचं आणि तोंडानं सांगायचं. तिन्हीतली एक जरी बिघडली तर मी जन्मात ह्या गुऱ्हाळावर पाऊल टाकणार न्हाई, आणि तुमच्या कामात बोलणार न्हाई."

"आणि न्हाई बिघडली तर?"

"तर मग बोलणार."

आबासोसुद्धा हसले. "वहिनी, तुम्ही घट्ट बांधलंय न्हवं?"

"बैलाला बांधते तशी."

मी हो म्हणालो. खरं सांगतो, का म्हणालो ते. तिन्ही बिघडतील अशी माझी खात्री होती. गावाचं नुकसान होईल, पण एकदा सगळ्यांना कळेल की केरबाशिवाय इथं पान हलत नाही. असं माझ्या मनात आलं होतं.

"एक नंबरवर कोण?" मी विचारलं.

"तानाक्का."

तानाक्का आमच्या शेजारची, नवरा वारल्यापासून गुऱ्हाळावर मळी काढायला यायची. बारीक, काटकुळी बाई. दिवसभर काहिलीच्या वाफेत उभी राहून झाऱ्यानं फेस काढायची. ती घाबरून म्हणाली, "भावजी, मला काय कळतंय त्यातलं?"

"तेच मी म्हणतोय," मी म्हणालो.

"दोन नंबरवर गुंडादाजी," हौसा म्हणाली. "आणि तीनवर मी."

"तू?"

"वीस वर्षं तुमच्या अंगाचा वास घेतीया. गूळ कच्चा असला की वेगळा येतो, पक्का झाला की वेगळा."

गडी पुन्हा हसले. मी चौथऱ्यावर जाऊन बसलो. तिथून तिन्ही काहिली दिसायच्या, पण वाफेपलीकडं काय चाललंय ते नीट कळायचं नाही. नाकाला खाज सुटली तर खाजवता येत नव्हतं. न्याहारी समोर होती, पण खाता येत नव्हती. एका गड्यानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि म्हणाला, "आण्णा, नवरदेव दिसताय."

थोड्या वेळानं गुंडानं हाक मारली. "आण्णा, काय करू?"

"बघ!"

"काय बघू?"

काय बघायचं ते मला सांगता येईना. पंचवीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"हाताला कळतं," मी म्हणालो.

"हात बांधल्यात," तीन नंबरवरनं हौसा ओरडली. "तोंडाला काय कळतंय ते सांगा!"

मी डोळे मिटले. काहील डोळ्यांसमोर आणली. मग हळूहळू बोलायला लागलो. "आधी बुडबुडे मोठे असत्यात, बेडकाच्या डोळ्याएवढे. एकेक फुटतो. मग बारीक होत्यात. मग एकदम सगळं वर येतं, भात उतू जातो तसं. तेव्हा घाबरायचं न्हाई. ते पुन्हा खाली बसतं, आणि मग…" मी थांबलो. "मग आवाज बदलतो."

"व्हय," गुंडा म्हणाला. "आधी खदखद असती. मग फद्, फद्, अशी जड होती. दमलेलं माणूस चालतं तशी."

"तुला रं काय म्हाईत?"

"म्हंजे काय? त्याच वक्ताला तर मी जाळ ओढतो."

"कुठला जाळ?"

गुंडा चुलवाणापासून उठून माझ्याकडं आला. चेहरा राखेनं पांढरा. "आण्णा, तुमी गोळी वळून 'उतरा' म्हणेपर्यंत काहील करपू नये म्हणून मी आधीच जाळ बाहेर ओढतो. रोज. प्रत्येक आधणाला. पंधरा वर्षं झाली. तुमाला काय वाटलं, जाळ आपसूक कमी हुतो?"

कुणी हसलं नाही. हौसाही नाही. मला वाटायचं, माझ्या हाताला क्षण सापडतो. तो क्षण हा माणूस खालून माझ्यासाठी धरून ठेवत होता, आणि मी त्याच्याकडं पाठ करून उभा असायचो. मागच्या चार दिवसांत मी तिन्हीकडं पळत होतो, तेव्हा गुंडा एकाच चुलीवर होता. त्याचं एकही आधण बिघडलं नव्हतं. पाचही बिघडली ती बाकीच्या दोन चुलींवर.

"मग आजवर बोलला का न्हाईस?" मी विचारलं.

"तुमी कुटं विचारलं?" तो म्हणाला आणि खोकत खोकत आपल्या काहिलीकडं गेला.

त्यानंतर मी बोलत सुटलो. जे पाठ करून लपवलं होतं ते ओरडून सांगायला लागलो. चुना किती, कधी टाकायचा. भेंडीचं चिकट पाणी कधी घालायचं म्हणजे मळी वर येते. पाकाची गोळी ताटलीवर आपटली की कसा टण् आवाज यायला हवा. तीन काहिलींवरचे गडी माना वर करून ऐकत होते. घसा कोरडा पडला. हौसा मधेच येऊन रसाचा तांब्या माझ्या तोंडाला लावायची आणि म्हणायची, "बोला, बोला. लगीन झाल्यापास्नं एवढं कधी बोलला न्हाईसा."

आधी गुंडाची वेळ आली. त्यानं हात बुडवला, गोळी वळली, ताटलीवर आपटली. मग ओरडला, "उतरा!" आवाज चिरकला. बांबू धरलेले चारी गडी जागचे हलले नाहीत. चौघांनी माझ्याकडं बघितलं.

एवढ्या लांबून मला काय कळणार? आणखी जरा राहू दे म्हणालो असतो तर गड्यांनी माझंच ऐकलं असतं. आता काढा म्हणालो असतो तर ते आधण माझंच झालं असतं.

"माझ्याकडं काय बघताय?" मी म्हणालो. "गुळव्या तिकडं उभा हाय."

काहील निघाली.

मग तानाक्का. तिनं हात घालून बघितलाच नाही. काहिलीवर वाकली, नाक पुढं केलं, डोळे मिटले. "भावजी, वास फिरला," ती म्हणाली. मग गड्यांना हळूच म्हणाली, "उतरा." एक गडी दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारी म्हणतीया उतरा," आणि दोघं हसले. तानाक्कानं झारा उचलून काहिलीच्या कडेवर असा आपटला की झाडावरचे कावळे उडाले.

"उतरा म्हणलं न्हवं! कानात चिपाडं कोंबल्यात व्हय रं मुडद्यांनो?"

इतक्या चपळाईनं काहील उतरलेली मी आजवर पाहिलेली नाही.

तीन नंबरवर हौसानं गोळी वळली, आधी "उतरा" म्हणाली आणि मग पळत माझ्याकडं आली. गरम गोळी माझ्या तोंडात कोंबली. "खावा. हात बांधल्यात, दात न्हवं."

मी चावली. बरोबर होती. अगदी बरोबर.

"कशी हाय?"

"गोड," मी म्हणालो.

"गूळ गोडच असतोय. पक्का हाय का ते सांगा."

"पक्का हाय."

तिनं दोन्ही हात वर केले आणि तिथंच एक फुगडीचा फेरा मारला. एकटीनंच. चाळिशीची बाई. आबासो खोत दुसरीकडं बघायला लागले.

दुपारनंतर ढेपा साच्यातून निघाल्या. तीन ओळी. अजून कोमट होत्या. एक गडी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आण्णा, अंगठा."

"सोड गं," मी हौसाला म्हणालो.

"कशापाय? ज्यानं उतरवलं त्यानं ठसा द्यावा."

माझ्या डोक्यात सणक गेली. बाकी सगळं मी ऐकून घेतलं होतं. पण अंगठा माझा होता. "हौसे, थट्टा पुरे. अंगठा चौगुल्याचा असतो."

"नगं वहिनी," गुंडाही म्हणाला. "अंगठा आण्णांचाच."

ढेपा गार होत चालल्या होत्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर कुणाचाच ठसा उमटला नसता. मी रागानं हात हिसडले.

पटका सुटला. ओढावं लागलं नाही, जोर लागला नाही. नुसता गळून मातीत पडला. बैलाला बांधते म्हणणाऱ्या बाईनं मला सुरगाठ मारली होती. सकाळपासून मी कधीही हात काढू शकलो असतो.

मी माझ्या हातांकडं बघितलं. मग हौसाकडं. तिनं पदर तोंडाला लावला होता, पण डोळे हसत होते. मी मोकळा होतो, ढेपा समोर होत्या.

मी हात पुन्हा मागं नेले आणि एकात एक धरले.

"गुंडा," मी म्हणालो, "ये. दाब. गार व्हायला लागल्यात."

गुंडानं धोतराला अंगठा पुसला. पुन्हा पुसला. दाबला तर इतका जोरात, की ढेपेला विहीर पडली. तानाक्काचा ठसा चिमणीच्या पायाएवढा. हौसानं आपल्या ओळीवर भराभर अंगठे दाबले आणि शेवटचा माझ्या कपाळाला लावला. गुळाचा.

दुसऱ्या दिवशी मी गाडीबरोबर बाजारात गेलो. आमचे जुने व्यापारी रतिलालशेठ नेहमीसारखे आले. पहिल्या ढेपेच्या खळग्यात आपला अंगठा घालून बघायची त्यांची सवय होती. घातला आणि चमकले.

"केरबा, अंगठा सुजला काय तुझा?"

"माझा न्हाई शेठ. ह्यो गुंडा मगदुमाचा."

त्यांनी पुढच्या ओळीत अंगठा घातला. तो मावला नाही. "आणि हा?"

"तानूबाईचा."

"बाई?"

"व्हय."

"आणि हा तिसरा?"

"माझ्या मंडळींचा."

शेठनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. तिन्ही ढेपांना सुरी लावली, तुकडे काढले. पहिला खाल्ला. "जरा लाल आहे, पण चालेल." तिसरा खाल्ला. "हा तुझ्यासारखा आहे." दुसरा खाल्ला आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

"केरबा, राग येणार नाही ना?"

"बोला शेठ."

"ही तानूबाई तुझ्यापेक्षा चांगला गूळ करते."

मला राग यायला हवा होता. मी मोठ्यानं हसलो. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या अडतीवरचे हमाल बघायला लागले. गाव येईपर्यंत गाडीत बसून मी एकटाच हसत होतो. घरी येऊन हौसाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता मी बोलणार." आणि पुढं बत्तीस वर्षं ती बोलत राहिली.

त्या तीन चुलींवरनं नंतर गुळवे तयार झाले. मी मोजले नाहीत. कुणी राधानगरीकडं गेलं, कुणी कर्नाटकात. तानाक्का गेली तोपर्यंत तिनं सात बायकांना वास घ्यायला शिकवलं. प्रत्येकाचा अंगठा वेगळा. मी चौथऱ्यावर बसायचो, हात मागं धरून, आणि विचारायचो, "काय दिसतंय? काय ऐकू येतंय?" लोक म्हणायचे, केरबा आता काही करत नाही. त्या वर्षापासून आमच्या गावाचा ऊस वाळला नाही.

हंगामाच्या पहिल्या आधणाची पहिली ढेप मात्र हौसाच्या अंगठ्याची असायची. तसं ठरलं नव्हतं, पण तसं होत गेलं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात हौसा गेली. त्या हंगामाला मी गुऱ्हाळावर गेलो नाही. पुढच्याही नाही. यंदा गुंडाची सून सुनंदा घरी येऊन बसली. ती आता तिन्हीवर मुख्य आहे. म्हणाली, "मामा, चला. मामंजी वाट बघत बसल्यात, आणि त्यांना जास्त वेळ बसवत न्हाई."

गेलो. गुंडा चौथऱ्यावर घोंगडं पांघरून बसला होता. मी त्याच्याशेजारी बसलो. सुनंदानं गोळी वळली, "उतरा" म्हणाली, काहील उतरली. दुपारी पहिली ढेप आमच्यापुढं आणून ठेवली, कोमट.

"मामा, हौसामामींच्या नावानं ह्या ढेपेवर तुमीच अंगठा द्या."

सगळे थांबले होते. गुंडानं माझ्याकडं बघितलं. माझे हात मागं गेले होते. मी नेले नव्हते, ते आपोआपच गेले होते.

"ज्यानं उतरवलं त्यानं," मी म्हणालो.

सुनंदानं पदरानं डोळे पुसले आणि अंगठा दाबला. मग ढेप फोडून एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, एक गुंडाच्या.

गूळ चांगला होता. हौसानं तोंडात घालून डोळे मिटले असते आणि जरा लाल झालाय म्हणाली असती. मी गुंडाला तसं सांगितलं.

"वहिनींचं बरोबरच असायचं," गुंडा म्हणाला. आम्ही दोघं हसलो आणि आणखी एकेक तुकडा मागितला.